चौथी मॉली

मध्यमवर्गीय माणूस 'किती?' या प्रश्नाला फार जपतो. मुंजीला पानं किती, लग्नाच्या पत्रिका किती, पाहुण्यांच्या चहाला दूध किती, यावर घराघरांत तासन्‌तास खल होतो. दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगायचं तरी आधी घरात ठराव पास व्हावा लागतो. पण हाच हिशेबी माणूस मुलाच्या हट्टापायी दीड फुटाचा फिशटँक विकत घेतो, दुकानदार हातात जाळी धरून "मॉली किती देऊ?" असं विचारतो, आणि हा गृहस्थ केळ्यांच्या गाडीपाशी उभा असल्यासारखा सांगतो, "द्या डझनभर!"

माझं भांडण या डझनाशी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं असेल त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. दीड फुटी टाकीत मॉली ठेवायच्या तीन. तिन्ही माद्या. चौथी नाही. काचेच्या गोल बरणीत ठेवायच्या शून्य. हे मत मी आजवर दोन साखरपुड्यांत, एका वास्तुशांतीत आणि सोसायटीच्या एका वार्षिक सभेत मांडलेलं आहे. सभेत ते 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली आलं आणि त्याच सदराखाली गेलं. तेव्हा आता लिहून काढण्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी टाकीचा हिशेब करू. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गुणाकार दीड घनफूट, म्हणजे साधारण ४२ लिटर. त्यात तळाला खडे, एक प्लास्टिकचं झाड, तोंडाची उघडझाप करणारा शिंपला, समुद्रतळाशी गेल्याच्या थाटात उभा असलेला एक पाणबुड्या, आणि वर दोन बोटं मोकळी. पाणी उरलं जेमतेम ३५ लिटर. आंघोळीच्या दोन बादल्या! आमच्या घरी या दोन बादल्यांत एका माणसाचं रविवारचं स्नान होत नाही. त्यात आपण बारा जणांचा जन्मभराचा संसार मांडतो. माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि मोरी, सगळं त्या दोन बादल्यांत, आणि मध्ये साधा पडदासुद्धा नाही.

दुकानातली मॉली दीड इंचाची असते. त्या वयात डझनभर छान दिसतात. पण मॉली ही काही शोकेसमधली बाहुली नव्हे, ती वाढते. पुरी वाढलेली साधी मॉली तीन-चार इंच भरते आणि पाठीवर शिडासारखा पर मिरवणारी मॉली त्याहून थोराड होते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींचा एक जुना ठोकताळा आहे : गॅलनभर पाण्याला इंचभर मासा. त्यांचा गॅलन पावणेचार लिटरांचा. म्हणजे आपल्या ३५ लिटरांचे झाले नऊ गॅलन, आणि नऊ इंचांत तीन-तीन इंचांच्या मॉली बसल्या तीन. ठोकताळा कच्चा आहे, हे मला मान्य. त्या हिशेबानं याच टाकीत नऊ इंचांचा एक मासा ठेवता येईल, फक्त त्याला मागे वळायचं झालं तर टाकीबाहेर यावं लागेल. पण तो कच्चा असलाच तर उदारपणाच्या बाजूनं कच्चा आहे. या क्षेत्रातली कडक मंडळी मॉलीला ७५ लिटरांखालची टाकीच देऊ नये म्हणतात. ते जहाल, मी मवाळ. मला शिव्या देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आता प्रतिपक्षाचं ऐकू.

प्रतिपक्षाचे पुढारी दुकानदार. ते म्हणतात, "साहेब, आमच्या टाकीत बघा, दोनशे आहेत. काही होतंय का त्यांना?" या युक्तिवादानं भले भले वकील गार झालेले मी पाहिले आहेत. अहो, पण दुकानातली टाकी हा एसटीचा स्टँड आहे! स्टँडवर दोनशे माणसं रात्र काढतात म्हणून आपण आपल्या दोन खोल्यांत दोनशे वळकट्या पसरतो का? तिथली मॉली आज आली, चार दिवसांत गेली. दिवसरात्र पंप चालू असतात. आणि सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम कुठलं होतं, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, कारण रात्रीतून ज्या उलट्या झाल्या त्या गिऱ्हाईक यायच्या आत काढून टाकलेल्या असतात.

दुसरा मुद्दा खास आपल्या मातीतला. "राहतात हो ॲडजस्ट करून!" मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. 'जरा सरकून घ्या' म्हणतो, अर्ध्या मांडीवर टेकतो आणि बाकीचा अर्धा देह वाटेत अधांतरी ठेवून पेपर वाचतो. आपल्या सहनशीलतेचं हे एवढं मोठं स्मारक जगात दुसरं नाही. मला त्याचा अभिमान आहे. मी स्वतः वर्षानुवर्षं चौथा बसलेलो आहे. पण त्या चौथ्याचं स्टेशन येतं हो! घाटकोपर येतं, ठाणं येतं, तो उतरतो, पाय मोकळे करतो, सरकारला चार शिव्या देतो आणि घरी जाऊन आडवा होतो. मॉलीचं ठाणं येत नाही. तिला शिव्याही देता येत नाहीत. ज्याला उतरता येतं त्यानं ॲडजस्ट केलं तर त्याला मी माणुसकी म्हणेन. ज्याला उतरताच येत नाही त्याला दाटीत कोंबून वर 'ॲडजस्ट करतात' म्हणणं, याला मी दुसरा शब्द वापरतो. आमची ही म्हणते, तो शब्द छापू नका.

आणि दाटी म्हणजे केवळ अंगाला अंग लागणं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याचं मलमूत्र जातं. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि अमोनिया त्याला जाळतो. टाकीच्या फिल्टरमध्ये, खड्यांवर काही जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं पुष्कळ निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. ही सफाई खात्याची मंडळी कामावर रुजू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? रविवारी सकाळी टाकी, रविवारी दुपारी पाणी आणि रविवारी संध्याकाळी बारा मॉली. म्हणजे ड्रेनेजची जोडणी व्हायच्या आधीच गृहप्रवेश, आणि तोही एकत्र कुटुंबासह! त्यातून अमोनिया अल्कधर्मी पाण्यात जास्त विषारी होतो, आणि मॉलीला नेमकं तसलंच जड, अल्कधर्मी पाणी मानवतं. बोअरचं जे पाणी आपल्याला नकोसं होतं, ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते तिला अमृत. उलट आपल्या धरणांचं मऊ पाणी तिला सोसत नाही. मग ती जागच्या जागी अंग हलवत डोलू लागते. पाहुणे कौतुकानं म्हणतात, "अगंबाई, नाचतेय बघा कशी!" ती नाचत नसते. ते दुखणं असतं.

तीच गत पृष्ठभागाशी तोंड लावण्याची. वीज गेली, पंप थांबला, की अर्ध्या-एक तासात डझनभर मॉली वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. घरातली लहान मुलं म्हणतात, "बाबा, त्या आपल्याशी बोलतायत." बोलत असतात हे खरं, पण काय बोलतात ते मुलांना सांगण्यासारखं नाही. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की त्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. पाण्यात तो येतो वरच्या पृष्ठभागातून, म्हणून तर अरुंद तोंडाच्या बरणीला मी शून्य दिलं. तीन मॉली असल्या तर त्या वीज येईपर्यंत तग धरतात. बारा असल्या की वीज येते, पण मोजणी बदललेली असते.

तिसरा मुद्दा आमच्या मेव्हण्यांचा. त्यांच्या टाकीत म्हणे गेली सहा वर्षं वीस मॉली सुखानं नांदताहेत. मेव्हणे खोटं बोलत नाहीत. आकडा सहा वर्षं वीसच आहे. पण एका माणसाकडे आजोबांची छत्री होती. तिचं कापड चारदा बदललं होतं आणि दांडा तीनदा, बाकी छत्री आजोबांचीच. मेव्हण्यांच्या वीस मॉली या त्या छत्रीच्या जातीच्या आहेत. दर महिन्याला ते 'सहज त्या बाजूला गेलो होतो' म्हणून जी प्लास्टिकची पिशवी आणतात, ती बहिणीनं कधी मोजली नाही. मी मोजली आहे.

चौथा मुद्दा सगळ्यांत लाडका. "अहो, त्यांना पिल्लं होताहेत, म्हणजे त्या आनंदात असणारच!" पिल्लं होणं हा आनंदाचा पुरावा धरला, तर आपल्या देशाएवढा आनंदी देश भूतलावर सापडणार नाही. मॉली अंडी घालत नाही, सरळ हिंडतीफिरती पिल्लं देते. महिना-सव्वा महिन्यानं बाळंतपण, एका खेपेला वीस ते साठ पिल्लं, थोराड मादी असली तर शंभरापर्यंत मजल. नर जवळ नसला तरी एकदाच्या संबंधावर ती पुढे काही महिने खेपेमागून खेपा काढू शकते. आणि दुकानात नर-मादी एकत्रच पोहत असल्यामुळे तिथून आणलेली मादी बहुधा दोन जिवांचीच असते, किंवा बासष्ट जिवांची म्हणा. म्हणून दुकानात उभं राहून 'आज किती मावतील?' हे विचारण्यात अर्थ नाही. 'दिवाळीपर्यंत किती होतील?' हे विचारलं पाहिजे. लाल त्रिकोणाच्या काळात भिंतीभिंतींवर 'दो या तीन बच्चे बस' असं रंगवलेलं असे. माणसांनी ते किती वाचलं ते जनगणनेत दिसलंच. निदान फिशटँकच्या काचेवर ते रंगवावं, अशी माझी सूचना आहे.

आता तिन्ही माद्याच का? ओळखायला सोपं आहे : पोटाखालचा मागचा पर मादीचा पंख्यासारखा पसरट, नराचा काडीसारखा टोकदार. नर आणला की तो उठल्यापासून झोपेपर्यंत माद्यांच्या मागे लागतो. मोठ्या तलावात मादीला आडोसा असतो. दीड फुटात पळून पळून पळणार कुठं? प्लास्टिकच्या पाणबुड्यामागे? आणि ज्यांना नराशिवाय संसार ही कल्पना रुचत नाही, त्यांनी मेक्सिकोच्या ईशान्य भागात आणि टेक्सासच्या दक्षिणेला राहणारी एक मॉली बघावी. तिच्या जातीत सगळ्या बायकाच. कार्ल हब्स आणि लॉरा हब्स या नवरा-बायकोनं १९३२ साली ती जगापुढे आणली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत अशी केवळ माद्यांची जात सापडण्याची ती पहिलीच वेळ. तिला म्हणतात 'ॲमेझॉन मॉली', पण नदीवरून नव्हे, ग्रीक पुराणातल्या लढवय्या बायकांवरून. गर्भ वाढीला लागावा एवढ्यापुरता तिला शेजारच्या जातीतला नर लागतो. पिल्लं मात्र निव्वळ आईवर जातात, बापाचा त्यांच्यात काडीचा वाटा नसतो. ही माहिती मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा आमची ही म्हणाली, "यात नवीन ते काय?"

तीन गाभण माद्या आणल्या की पिल्लं होणारच, मग तीनाचे तीन कसे राहणार, असा रास्त सवाल येईल. उत्तर कडू आहे. मोठ्या मॉली बहुतेक पिल्लं खातात. आयासुद्धा खातात. हे पाहून हळवी माणसं जाळीचं प्रसूतिगृह आणतात, चाळीसच्या चाळीस पिल्लं वाचवतात, आणि तीन महिन्यांनी त्याच दोन बादल्यांत चाळीस तरणीताठी पोरं सांभाळत बसतात. मग ती एकेक करून अमोनियानं मरतात. आईच्या तोंडातून वाचवून विषाच्या तोंडी देणं, याला दया कशी म्हणायची? चाळीस वाचवायची असतील तर आधी चाळिसांची टाकी आणा. ती नसेल तर निसर्गाच्या पंगतीत आपण वाढपी व्हायला जाऊ नये. वाचलीच एखाद-दुसरी, तर ती मोठी टाकी असलेल्या कुणाला द्यावी, किंवा दुकानदाराला फुकट परत करावी. तो नाही म्हणत नाही. तोच त्या पुन्हा विकतो.

एक गोष्ट मात्र करू नये. जास्तीच्या मॉली पिशवीत भरून गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नयेत. हे काम लोक पुण्य समजून करतात, कधी कधी हात जोडूनसुद्धा. टाकीची काच साफ ठेवायला आणलेला सकर मासा असाच कुणाकुणाच्या पुण्याईनं बाहेर पडला. आता उजनीच्या जलाशयात तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी खवल्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आपल्या दिवाणखान्यातली एक चुकीची बेरीज अशी दुसऱ्याच्या पोटावर जाऊन पडते. मॉली दिसायला गरीब असली तरी गोड्या पाण्यात राहते, खाडीच्या खाऱ्या पाण्यातही राहते आणि महिन्याला बाळंत होते. अशा पाहुणीला आपल्या तळ्यांचा पत्ता देऊ नये.

पाचवा मुद्दा वास्तूवाल्यांचा. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, असा त्यांचा हुकूम. काळ्याच्या जागी बहुधा काळी मॉलीच येते, कारण ती स्वस्त पडते. घरावरचं संकट ती आपल्या अंगावर घेते म्हणे. ती मेली की घरात समाधानाचा सुस्कारा : "चला, टळलं एकदाचं!" लगेच दुसरी काळी आणतात, तीही आठवड्यात जाते, आणि आपल्यावर इतकी संकटं येत होती या विचारानं यजमानांची छाती अभिमानानं फुगते. अहो, त्या बिचारीनं तुमचं संकट अंगावर घेतलेलं नाही. तिनं तुमच्या आठ गोल्डफिशांचा अमोनिया अंगावर घेतला. गोल्डफिश हा नेहमीच्या घरगुती माशांत सगळ्यांत जास्त घाण करणारा प्राणी. दीड फुटात आठ गोल्डफिश हेच मुळात संकट, ते टाळायला नववी कशाला पाहिजे?

राहता राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून मी त्याला मान देतो. "तीनच म्हणजे टाकी रिकामी दिसते हो!" दिसते, सुरुवातीला. आपण सगळे दाटीतून वर आलेलो. दहा बाय बाराच्या खोलीत आठ जण झोपलो. त्यामुळे भिंत मोकळी दिसली की कॅलेंडर टांगावं आणि कोपरा मोकळा दिसला की तिथं स्टूल ठेवावं, असं आपल्या हाताला वळणच पडलंय. पण महिनाभर तीन मॉलींसमोर बसून बघा. एक सकाळपासून काचेवरचं शेवाळ टिपत असते, एक दाण्याचा डबा हलला की पुढे धावते, तिसरी रुसल्यासारखी झाडामागे राहते आणि बाकीच्या दोघी पांगल्या की हळूच येऊन जेवते. पंधरवड्यात घरातली पोरं त्यांना नावानं हाक मारायला लागतात. बारा असल्या म्हणजे ती नुसती गर्दी, आणि गर्दी बघायला आपल्याला पैसे मोजून काच विकत घ्यायची गरज नाही. खिडकी उघडली तरी दिसते. शिवाय एक कमी झाली तर तिघींत कळतं. बारांत ती कधी गेली, कशानं गेली, हे कुणाला समजत नाही, आणि कुणी मेलं तरी मोजणीत कळत नाही, हे पोरांना घरबसल्या शिकवण्याजोगं शिक्षण नव्हे.

तेव्हा दुकानदारानं जाळी पाण्यात घातली आणि "डझनावर दोन फुकट देतो" असं म्हटलं, तर विरघळू नये. तीन माद्या घ्याव्या, त्याही टाकी भरून, पंप चालवून, महिना-सव्वा महिना थांबून. त्या महिन्यात रोज चिमूटभर दाणे रिकाम्या टाकीत टाकावे, म्हणजे सफाई खातं उपाशी न राहता कामाला लागतं. शेजारी हसतील. आमचेही हसले. मग येताना एक नवी कोरी बादली घ्यावी, साबणाचा हात न लागलेली, आणि दर रविवारी टाकीतल्या पाण्याची चौथाई वसूल करावी. तेवढंच ताजं पाणी, क्लोरीन उडून जावा म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं, त्यात घालावं. मराठी माणसाला चौथाई वसूल करण्याचा अनुभव जुना आहे. दीड फुटी टाकीत चौथं काही शोभत असेल, तर ते एवढंच.